सुरक्षा सल्लागाराच्या सहीला वजन कसं येईल?

प्रश्न तारापूरच्या एका रसायन कारखान्यातल्या तरुण सेफ्टी ऑफिसरचा आहे. थोडक्यात असा: "आमच्या क्षेत्रात डिप्लोमा मिळवणं सोपं झालंय, ऑडिटचे रिपोर्ट एकमेकांची नक्कल असतात, आणि मनापासून काम करणारा व नुसत्या सह्या करणारा यांत मालकाला फरक दिसत नाही. सुरक्षा सल्लागारांचा दर्जा वाढवायचा तर सुरुवात कुठून करावी? आणखी प्रमाणपत्रं, सक्तीची नोंदणी की कडक कायदा? मी एकटा यात काय करू शकतो? आणि ओळखीचे एक कन्सल्टंट त्यांच्या ऑडिट रिपोर्टवर माझं नाव टाकू म्हणतात, सहीमागे पैसे देतात. ते स्वीकारावं का?"

मी रसायन आणि इंजिनिअरिंग अशा दोन्ही प्रकारच्या कारखान्यांत नोकरी केली आहे आणि आता ऑडिट व प्रशिक्षणाचं काम करतो. माझं मत आधी सांगतो, कारणं मागून. आणखी एखादं प्रमाणपत्र आणून आपला दर्जा वाढणार नाही. आपल्याकडे उणीव आहे ती सहीच्या जबाबदारीची. सल्लागाराने सही केली म्हणजे त्याने ती जागा पाहिली, धोका त्याला समजला आणि उपाय पुरेसा आहे असं त्याचं स्वतःचं मत झालं, एवढा अर्थ त्या सहीतून निघाला पाहिजे. आज तो निघत नाही. नोंदणी, परीक्षा, कायदा, कुठलाही उपाय पुढे आला की मी एवढंच विचारतो: यामुळे सही जड होईल की आणखी हलकी?

हे आत्ताच का बोलायला हवं, तेही सांगतो. कारखाने अधिनियमाच्या कलम ४० ब नुसार हजार किंवा त्याहून जास्त कामगार असले की सुरक्षा अधिकारी नेमणं सक्तीचं होतं. त्याखालच्या धोकादायक कारखान्यांसाठी राज्य सरकार वेगळा आदेश काढू शकत असे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने ही मर्यादा बरीच खाली आणली: साध्या कारखान्यात ५०० कामगार, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५०, बांधकामावर २५०, खाणीत १००. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. म्हणजे पुढच्या काही वर्षांत सुरक्षा अधिकाऱ्यांची मागणी वाढणार. ही माणसं कुठून येणार आहेत आणि कशी घडवली जाणार आहेत, हे आपण आत्ता ठरवलं नाही तर गल्लोगल्ली उघडणारे वर्ग ते ठरवतील.

आपल्याकडे पात्रतेचे नियम नाहीत असं नाही. सुरक्षा अधिकाऱ्यांचे नियम नीट वाचले तर ते चांगले आहेत. तांत्रिक पदवी किंवा पदविका, उत्पादनातला देखरेखीचा अनुभव आणि त्यावर औद्योगिक सुरक्षेची पदविका. आपल्याकडे बहुतेक जण ती एमएसबीटीईच्या, म्हणजे राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या, ॲडव्हान्स डिप्लोमामधून मिळवतात, काही जण मुंबईत शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमधून. त्याच नियमांत लिहिलंय की अधिकाऱ्याला त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा पुरेशी आली पाहिजे. हेही लिहिलंय की त्याला वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा असेल, तो थेट कारखान्याच्या मुख्य अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करेल आणि त्याच्या कर्तव्याच्या आड येणारं दुसरं काम त्याला दिलं जाणार नाही. आता आपापल्या कारखान्यात बघा. सेफ्टी ऑफिसर प्लांट मॅनेजरच्या किंवा एचआरच्या हाताखाली आहे. कॅन्टीन, बसगाड्या, सिक्युरिटी गेट आणि बागकाम त्याच्याकडे आहे. ठेकेदाराचा सेफ्टी ऑफिसर तर मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पगारावर असतो. त्याने काम थांबवलं तर दुसऱ्या दिवशी गेटपास बंद. नियम चांगला आहे आणि तो मोडल्याचं कोणालाच काही वाटत नाही.

डिप्लोमाबद्दल माझी तक्रार अभ्यासक्रमाशी नाही. तो वाचून, समजून घेणाऱ्याला पाया चांगला मिळतो. अडचण ही की परीक्षा पाठांतरावर निघते. कलमं पाठ असतात, पण 'ही टाकी बघ आणि काय चुकू शकतं ते सांग' म्हटलं की गाडी अडते. सल्लागाराचं खरं काम तर नेमकं तेच आहे.

विशाखापट्टणमचं उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात घेतो, इथेही घेतो. ७ मे २०२० च्या पहाटे एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ बाहेर पडली आणि १२ जणांचा जीव गेला. स्टायरीन हा द्रव नुसता पडून राहिला तरी हळूहळू स्वतःशीच जोडला जातो, त्यातून उष्णता निघते, उष्णतेने जोडणी वाढते, म्हणजे आणखी उष्णता. म्हणून तो थंड ठेवायचा, त्यात टीबीसी नावाचं रोधक घालायचं आणि टाकी ढवळती ठेवायची. लॉकडाऊनमुळे ती टाकी कित्येक आठवडे पडून होती. चौकशी समितीच्या अहवालातून पुढे आलं की टाकीचं तापमान फक्त तळाजवळ मोजलं जात होतं. वरचा थर तापत गेला आणि खालचा काटा शांत राहिला. धोक्याचा भोंगाही वाजवला गेला नाही.

आता आपली नेहमीची ऑडिट चेकलिस्ट आठवा. 'साठवण टाकीच्या तापमानाची नोंद ठेवली जाते का?' उत्तर: हो. 'नोंदवही अद्ययावत आहे का?' हो. 'भोंगा आहे का?' हो. तिन्ही उत्तरं खरी, आणि तिन्ही निरुपयोगी. चांगला सल्लागार टाकीपाशी उभा राहून विचारतो: थर्मामीटर कोणत्या उंचीवर आहे? पंप बंद असताना वरचा थर कसा कळतो? रोधकाचं प्रमाण शेवटचं कधी तपासलं, ते संपलं तर साठा जवळपास मिळतो का? रात्री शीतकरण चालू असतं का? या प्रश्नांसाठी रसायनाचं ज्ञान लागतं, पण त्याआधी लागते ती थांबून विचार करण्याची सवय. ही सवय परीक्षेत तपासली जात नाही, नोकरीच्या मुलाखतीत विचारली जात नाही आणि ऑडिटच्या दरात तर तिला जागाच नसते.

३० जून २०२५ ला तेलंगणातल्या पाशमैलारमला सिगाची कंपनीच्या कारखान्यात स्फोट झाला, चाळीसहून अधिक कामगार गेले. तिथे औषधी गोळ्यांत वापरतात ती सेल्युलोजची पूड तयार होत असे. बारीक सेंद्रिय पूड हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली की ती स्फोटासारखी जळते. साखर, मैदा, लाकडाचा भुसा, रंगद्रव्यं, सगळ्यांना हे लागू आहे. महाराष्ट्रात साखर कारखाने आहेत, औषधनिर्मिती आहे, पशुखाद्याचे कारखाने आहेत. तरी यातल्या किती ठिकाणी सल्लागाराने पुडीची ज्वलनशीलता चाचणी मागितली असेल? मी पाहिलेल्या बहुतेक धोका-मूल्यांकनांत पूड या रकान्यात एकच शब्द असतो: मास्क.

हा 'मास्क' आपल्या व्यवसायाचा मोठा दोष आहे. धोका नाहीसा करा, जमत नसेल तर कमी धोकादायक पदार्थ वापरा, तेही नसेल तर यंत्राला बंदिस्त करा, मग कामाची पद्धत बदला आणि सगळ्यात शेवटी अंगावरची साधनं द्या, हा क्रम आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण सल्ला देताना आपण शेपटापासून सुरुवात करतो, कारण मास्कचं बिल लहान असतं आणि त्यावर कोणी वाद घालत नाही. आवाजाचंही तेच. इअरप्लग वाटले, फोटो काढला, झालं. यंत्राच्या पायाला रबर बसवणं, आवरण करणं, देखभाल सुधारणं याचा विचार होत नाही. आवाजामुळे येणारा श्रवणदोष हा संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतला कळवण्याजोगा आजार आहे, पण तो कळवल्याचं क्वचितच दिसतं. आपल्या पदनामात सुरक्षेबरोबर आरोग्य असतं, कामात मात्र ते अर्धं अंग झोपलेलं आहे. तिथे स्वतःला येत नसेल तर औद्योगिक आरोग्याचं शिक्षण घेतलेला डॉक्टर किंवा हवेचे नमुने घेणारा तज्ज्ञ बोलवावा. 'हे माझं क्षेत्र नाही' असं लेखी म्हणता येणं, हे माझ्या लेखी उत्तम सल्लागाराचं पहिलं लक्षण आहे. रिॲक्टर समजणाऱ्याने टॉवर क्रेनच्या कागदावर सही करू नये, आणि परांची समजणाऱ्याने नायट्रेशनसारख्या स्फोटक रासायनिक प्रक्रियेच्या.

तुम्ही रसायन कारखान्यात आहात, म्हणून बंदिस्त जागेच्या परमिटवर, म्हणजे टाकी-खड्ड्यासारख्या जागेत उतरायच्या लेखी परवानगीवर, थोडं सविस्तर लिहितो. सही हलकी झाल्याची किंमत तिथे सगळ्यात लवकर मोजावी लागते.

शटडाऊनच्या दिवशी, म्हणजे देखभालीसाठी प्लांट बंद असताना, सेफ्टी ऑफिसरच्या टेबलावर परमिटचा गठ्ठा येतो. टाकी साफ करायची, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरणाच्या) खड्ड्यात उतरायचं, रिॲक्टरच्या आत वेल्डिंग. प्रत्येकावर ऑक्सिजन, ज्वालाग्राही वायू आणि विषारी वायूचे आकडे आधीच भरलेले. ऑक्सिजन २०.२. नियमाची खालची मर्यादा १९.५, म्हणजे ठीक, सही. पण हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो २०.२ का झाला? कदाचित टाकीतल्या गंजाने तो खाल्ला असेल. कदाचित दुसऱ्या कुठल्या वायूने हवेला बाजूला सारलं असेल. दुसरी शक्यता धरली तर हिशोब करा: ऑक्सिजन हवेचा सुमारे पाचवा भाग असतो, तेव्हा तो ०.७ टक्क्याने उतरायला हवेची साधारण ३.३ टक्के जागा दुसऱ्या वायूने व्यापावी लागते. म्हणजे ३३ हजार पीपीएम (दहा लाख भागांत ३३ हजार भाग). हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमला जिवावर बेतण्याच्या पातळीवर पोचतो. मर्यादेत बसणारा आकडा आणि सुरक्षित आकडा यांत एवढं अंतर असू शकतं. ज्याला हे माहीत आहे तो २०.२ पाहून विचारेल, 'कशाने?' आणि उत्तर मिळेपर्यंत पेन उचलणार नाही.

मीटर कुठे धरला तेही विचारायचं. मॅनहोलच्या तोंडाशी घेतलेल्या आकड्याचा तळाशी काही संबंध नसतो. हायड्रोजन सल्फाइड जड, तळाला बसतो, मिथेन हलका, वर राहतो. ज्वालाग्राही वायू मोजणाऱ्या नेहमीच्या सेन्सरला स्वतःलाच ऑक्सिजन लागतो, म्हणून नायट्रोजन भरलेल्या भांड्यात तो खोटं समाधान देतो. त्यामुळे ऑक्सिजन आधी तपासायचा. लाइन नुसता व्हॉल्व्ह बंद करून वेगळी होत नाही, तिथे ब्लाइंड, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी धातूची चकती, लागतो आणि तो डोळ्यांनी पाहावा लागतो. बाहेर उभा राहणाऱ्या माणसाला विचारा, आतला बेशुद्ध पडला तर तू काय करशील? 'उडी मारीन' असं उत्तर आलं तर ते काम सुरू होता कामा नये. आपल्याकडे टाकीत एक माणूस पडतो आणि त्याला काढायला गेलेले दोन-तीन जण त्याच्याबरोबर जातात, ही बातमी आपण किती वेळा वाचली आहे.

यातलं काहीही टेबलावर बसून कळत नाही. म्हणून माझा आग्रह असा की बंदिस्त जागेचं परमिट जागेवरच सही व्हावं, सहीची वेळ आणि मीटरमधली नोंद जुळावी, आणि एका पाळीत एका अधिकाऱ्याने किती परमिटं द्यायची याला कारखान्याने मर्यादा घालावी. व्यवस्थापन म्हणेल शटडाऊन लांबेल. लांबेल. तर मग परमिट देणारी शिकलेली माणसं वाढवावीत.

अपघाताच्या चौकशीत आपला दर्जा आणखी उघडा पडतो. चाकण, भोसरी, वाळूज, अंबडला पॉवर प्रेसवर बोटं जातात. सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या अशा जखमी कामगारांवर २०१९ पासून दरवर्षी अहवाल काढते. कारखान्याची चौकशी मात्र एका वाक्यात संपते: 'कामगाराचा निष्काळजीपणा. उपाय: पुन्हा प्रशिक्षण.' हात प्रेसमध्ये राहू नयेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं असतं, हे चौकशी करणाऱ्याने पाहिलेलं असतं. पण पट्टी कोणी लावू दिली? तासाला किती नग काढायचे हे कोणी ठरवलं, आणि दोन्ही हात वापरून तेवढे नग निघतात का, हे कोणी करून पाहिलं? हात आत गेला की यंत्र थांबवणारा प्रकाशाचा पडदा, लाइट कर्टन, बिघडला होता तर देखभालीची मागणी कधी गेली आणि कोणाच्या सहीने थांबली? डायचं, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचं, डिझाइनच असं आहे का की माल काढायला हात आत घालावाच लागतो? ज्या चौकशी अहवालात व्यवस्थापनाच्या एकाही निर्णयाचं नाव येत नाही, तो मी परत पाठवतो. प्रत्येक वरिष्ठाने परत पाठवावा. तरुण अधिकारी या परत आलेल्या कागदांवरच घडतात.

याच्याच जवळची गोष्ट म्हणजे गेटवरचा 'अपघातमुक्त दिवस' लिहिलेला फलक. त्यावरचा आकडा बोनसशी जोडला की जखमा लपायला लागतात. ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ न शकणाऱ्या अपघाताची खबर द्यावी लागते. मग प्लास्टर घातलेल्या माणसाला गाडी पाठवून आणायचं आणि ऑफिसात बसवायचं. हे सेफ्टी ऑफिसरच्या डोळ्यांदेखत, कधी त्याच्याच व्यवस्थेने होतं. इथे सही न करणं अवघड आहे, मला माहीत आहे. घरभाडं असतं, मुलांच्या फिया असतात. म्हणूनच हा प्रश्न एकट्या माणसाच्या धैर्यावर सोडून देणं अन्यायाचं आहे. कारखाना सुरक्षा अधिकारी बदलतो तेव्हा निरीक्षकाने जुन्या अधिकाऱ्याला स्वतः फोन करून 'का सोडलंत?' एवढं विचारावं. याला नवा कायदा लागत नाही. असा फोन जातो हे मालकांना कळलं तरी पुष्कळ फरक पडेल.

नोंदणीबद्दल विचारलंत. ब्रिटनचा अनुभव आपल्याला उपयोगी आहे. रॉबेन्स समितीचा १९७२ चा अहवाल आणि १९७४ चा कायदा यांच्यामुळे तिथे धोका निर्माण करणाऱ्यावरच तो आवरण्याची जबाबदारी आली, आणि सक्षम सल्लागाराची गरज पडली. पण सल्लागार म्हणवून घ्यायला कोणतीच अट नव्हती. २०१० मध्ये लॉर्ड यंग यांनी सरकारला दिलेल्या अहवालात यावर बोट ठेवलं आणि २०११ मध्ये सल्लागारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. मान्य व्यावसायिक संस्थेचं वरच्या पातळीचं सदस्यत्व, चालू शिक्षण आणि आपल्या कुवतीबाहेरचा सल्ला न देण्याची बांधिलकी, हा तिचा गाभा. मात्र ती ऐच्छिक आहे. यातून मी दोन गोष्टी घेतो: यादीत राहण्यासाठी सतत शिकावं लागलं पाहिजे आणि चुकीचं वागणाऱ्याचं नाव यादीतून निघू शकलं पाहिजे. ज्या यादीतून कोणाचंच नाव कधी निघत नाही, ती फक्त पत्त्यांची वही होते.

आपल्या घरचं उदाहरण त्याहून चांगलं आहे. सनदी लेखापालांच्या संस्थेने २०१९ मध्ये यूडीआयएन हा दस्तऐवज क्रमांक टप्प्याटप्प्याने सक्तीचा केला. प्रत्येक प्रमाणपत्राला आणि ऑडिट रिपोर्टला वेगळा क्रमांक, तो सही करणाऱ्याने स्वतः संस्थेच्या संकेतस्थळावर तयार करायचा, आणि बँकेला किंवा कोणालाही तो तपासता येतो. सीएच्या नावाने बनावट प्रमाणपत्रं फिरत होती, त्यावर हा उपाय. सुरक्षा ऑडिटला असाच क्रमांक का नको? राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने तो द्यावा. क्रमांक घेताना ऑडिटरने चार गोष्टी भराव्यात: जागेवर कोण गेलं, किती तास थांबलं, कोणत्या पाळीत, आणि कोणते भाग पाहिले नाहीत. एकाच माणसाच्या नावावर एकाच दिवशी महाड, कुरकुंभ आणि बुटीबोरीची ऑडिटं निघाली तर ते संगणकच दाखवेल. यातले काही रिपोर्ट दरवर्षी चिठ्ठी टाकून काढावेत आणि दुसऱ्या अनुभवी ऑडिटरने त्याच कारखान्यात जाऊन ताडून पाहावेत. माझ्या मते सगळ्या सुधारणांत हीच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक ठरेल.

डोंबिवलीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला, २३ मे २०२४ ला पुन्हा झाला. दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसं गेली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. दोन्ही वेळा कारखाने हलवण्याची चर्चा झाली. तशा कारखान्यांना सुरक्षेचा सल्ला कोण देतं, तो सल्ला कोण तपासतं, ही चर्चा मी ऐकली नाही. लहान रसायन उद्योजकाला पूर्ण वेळ तज्ज्ञ परवडत नाही हे खरं आहे. पण एका एमआयडीसीतल्या दहा-बारा लहान कारखान्यांनी मिळून प्रोसेस सेफ्टी, म्हणजे रासायनिक प्रक्रियेची सुरक्षा, समजणारा एक माणूस ठेवणं त्यांना परवडतं. ठाणे-बेलापूर, तळोजा भागांत आपत्तीच्या वेळी एकमेकांना मदत करणारे 'मार्ग' गट आहेतच. त्याच टेबलावर महिन्यातून एकदा एकमेकांची धोका-मूल्यांकनं वाचायला काय हरकत आहे? पदार्थांची नावं झाकली तरी चालतं.

भाषेबद्दलची नियमातली अट मी मुद्दाम वर सांगितली. आज तारापूरच्या किंवा चाकणच्या लाइनवर झारखंड, ओडिशा, बिहारचे तरुण असतात. टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीची सुरक्षेची छोटी सूचना-बैठक, मराठीत होतो, सूचनाफलक इंग्रजीत असतो, आणि हजेरीच्या कागदावर 'प्रशिक्षण समजले' याखाली सगळ्यांच्या सह्या असतात. ही कामगारांकडून घेतलेली हलकी सही. निदान मोडकं का होईना हिंदी बोला, आणि कामगाराला 'कळलं का?' असं विचारू नका. 'करून दाखव' म्हणा.

परदेशी प्रमाणपत्रांचं थोडक्यात. कोकणातली आणि मराठवाड्यातली पुष्कळ मुलं नेबोश हे ब्रिटिश सुरक्षा प्रमाणपत्र करून आखाती देशांत जातात आणि तिथे शिस्तीचं काम शिकतात. ते प्रमाणपत्र पायाभूत म्हणून चांगलं आहे. त्याने कोणी प्रक्रिया-सुरक्षेचा तज्ज्ञ होत नाही, आणि ते घेतलेल्यांनी तसं भासवू नये. तुम्ही तारापूरलाच राहणार असाल तर तेच पैसे आणि वेळ हॅझॉप (प्रक्रियेत काय काय चुकू शकतं ते पद्धतशीर शोधण्याची रीत) शिकण्यात, उष्माविमोचक (उष्णता बाहेर टाकणाऱ्या) अभिक्रियांच्या चाचण्यांचे रिपोर्ट वाचायला शिकण्यात घाला.

तुम्ही एकट्याने काय करायचं? आपल्या कारखान्यातला सगळ्यात वाईट धोका निवडा आणि वर्षभर त्याचाच अभ्यास करा, इतका की प्रोसेस इंजिनिअर तुम्हाला विचारायला येईल. महिन्यातून काही रात्रपाळ्या स्वतः करा. रात्री दोन वाजता प्लांट कसा चालतो ते दिवसा कधीच कळत नाही. प्रत्येक महत्त्वाचा सल्ला लेखी द्या, तारखेसह, आणि त्याचं पुढे काय झालं याची स्वतःची वही ठेवा. सल्ला नाकारला गेला तर नाकारणाऱ्याचं नाव आणि कारण त्याच ईमेलच्या उत्तरात येऊ द्या. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. नकार देतानाही वाट दाखवायची: 'या टाकीच्या परमिटवर मी आत्ता सही करू शकत नाही. इनलेटला ब्लाइंड लागला, तळाचा गॅस तपासला आणि माणूस वर ओढायचा ट्रायपॉड व बचावाचा माणूस आला की लगेच येतो.' असं लिहिलेलं वाक्य प्लांट मॅनेजरलाही नाकारता येत नाही, कारण काम कसं सुरू होईल ते तुम्ही त्यालाच सांगितलेलं असतं. आणि शेजारच्या कारखान्यातला विश्वासातला सहकारी शोधा. तुमचा रिपोर्ट त्याने फाडायचा, त्याचा तुम्ही.

राहिला तुमच्या ओळखीच्या कन्सल्टंटचा प्रस्ताव. स्वीकारू नका. उद्या त्या कारखान्यात काही झालं तर चौकशीत पहिला कागद तुमच्या सहीचा निघेल आणि तुम्हाला गेटही कुठलं ते सांगता येणार नाही. पण त्यांच्याशी संबंध तोडायचीही गरज नाही. त्यांना कळवा की कारखाना मी स्वतः पाहीन, त्यात एक रात्रपाळी असेल, मला कळत नाही ते भाग रिपोर्टमध्ये तसे नोंदवीन, आणि मसुद्यातलं एकही निरीक्षण माझ्या परवानगीशिवाय काढलं जाणार नाही. या अटी मान्य असतील तर दिवसाचा दर ठरवू. सहीचा दर नाही. ते हो म्हणाले तर तुम्हाला चांगलं काम मिळालं. नाही म्हणाले तर ते पैसे कशासाठी देत होते हे तुम्हाला कळलंच.